पॅनेल बदललं म्हणून करार बदलत नाही

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि संघटना

प्रश्न : आमची प्राध्यापक संघटना संस्था नोंदणी आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था या दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली आहे. दोन वर्षांपूर्वी आमचं विनाअनुदानित महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेशी लेखी करार झाला. आठवड्याला 16 च्या वर तासिका गेल्या तर जादा मानधन, सीएचबी (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकांचे पैसे 10 तारखेच्या आत आणि गणपतीची सलग सात दिवस सुट्टी, ही त्यातली मुख्य कलमं. यंदा दुसरं पॅनेल निवडून आलं. ‘जुना करार जुन्या कमिटीबरोबर गेला’ असं सांगत त्यांनी नव्या करारावर सह्या केल्या आणि जादा तासिकांचं कलम सोडून दिलं. निवडणुकीवरही आमची हरकत आहे. आधी कुठे जावं?
– एक प्राध्यापिका, चिपळूण

उत्तर : तुम्ही दोन भांडणं एकात बांधली आहेत. ती आधी वेगळी करा, नाहीतर निवडणुकीच्या वादात करार बुडेल.

करार संघटनेशी झाला आहे, पॅनेलशी नाही. पदाधिकारी बदलले म्हणून तो संपत नाही. तो संपतो मुदत संपल्यावर किंवा रीतसर बदल झाल्यावर. म्हणून पहिल्यांदा मुदतीचं कलम वाचा. ‘नवा करार होईपर्यंत हाच लागू राहील’ असं वाक्य त्यात असेल तर तुमची बाजू बळकट आहे.

मग संघटनेची घटना काढा. करारावर सही करण्याचा अधिकार कुणाला आहे आणि बदलाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते का, हे पाहा. अशी मंजुरी बहुधा ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयां’त उरकली जाते, तीही गणपतीच्या तोंडावर कोरमअभावी तहकूब करून अर्ध्या तासाने भरवलेल्या सभेत. तहकूब सभेत मूळ नोटिशीतलेच विषय घ्यायचे असतात. सभेची नोटीस, हजेरीपट आणि इतिवृत्त या तिन्हींच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या. नोटिशीत कराराचा विषयच नसेल तर संस्थेला पत्र द्या की सभेची मंजुरी नसलेला हा बदल सभासदांना मान्य नाही. हे पत्र महिनाभराने नको, आठवड्यात द्या. नवं वेळापत्रक तुम्ही मुकाट्याने राबवू लागलात की तीच तुमची संमती होती असं पुढे म्हटलं जातं. जादा तासिका घ्याव्या लागल्याच तर ‘हरकत कायम ठेवून’ असं लिहून देऊनच त्या घ्या आणि तासिकांची नोंद तारखेनिशी ठेवा.

निवडणुकीची वाट वेगळी आहे. नव्या कमिटीने 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, द्यायचा असतो. तुमची हरकत तिथे जाते, दिवाणी कोर्टात नाही. आपलंच पॅनेल निवडून आलं असं तुमचं म्हणणं असेल तर तुमचाही चेंज रिपोर्ट त्याच मुदतीत द्या. पण त्यावर फार विसंबू नका. एकमेकांविरुद्धचे दोन चेंज रिपोर्ट पडले की तारखांवर तारखा पडतात आणि निकालाआधी कमिटीची मुदतच संपते. शिवाय चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे एवढ्याच कारणाने कमिटीने केलेला करार पडत नाही. दोन्ही गटांची पत्रं बँकेत पोहोचली तर बँक मात्र खातं अडवते, आणि मग वकिलाची फीसुद्धा खिशातून भरावी लागते.

औद्योगिक न्यायालयाचा विचार सोडा. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, ए. सुंदरांबाळ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा ‘कामगार’ नाही असं ठरवलं. त्यामुळे तुमच्या कराराला कारखान्यातल्या वेतनकरारासारखं कवच नाही. तो साधा करार आहे, आणि खरी मेख इथेच आहे. करार संघटनेच्या फायलीत पडून राहिला तर प्रत्येक निवडणुकीत त्याचा जीव टांगणीला लागतो. त्यातली कलमं संस्थेच्या नियामक मंडळाच्या ठरावात आणि ठरावाचा क्रमांक व तारीख टाकून प्रत्येकाच्या नेमणूकपत्रात उतरली, तर ती त्या शिक्षकाची सेवाशर्त होते. कमिटीच्या सहीने ती सहजी जात नाही. जुन्या करारानंतर अशी पत्रं निघाली होती का, हे आजच तपासा. निघाली असतील तर तक्रार विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे व्यक्तिशः नेता येते. बडतर्फी किंवा पदावनती झाली तर मात्र विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे, आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांत.

काही गोष्टी कुठल्याच कमिटीला सोडता येत नाहीत. पात्र शिक्षिकेची 26 आठवड्यांची प्रसूती रजा ही त्यातली एक. दुसरी ग्रॅच्युइटी. 2009 च्या दुरुस्तीने ती शिक्षकांना 3 एप्रिल 1997 पासून लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. ‘ग्रॅच्युइटीऐवजी एकरकमी अमुक’ असं कलम नव्या करारात असेल तर त्याला कागदाइतकीही किंमत नाही. सहाय्यक प्राध्यापकाच्या 16 तासिका यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीतही आहेत, पण वरच्या तासिकांचे पैसे हे तुमच्या करारातूनच आलेले आहेत. म्हणून लढायचं ते त्या कलमासाठी.

प्रश्न : आम्ही सीएचबीवाले. वर्गणी द्यायला गेलो तर खजिनदार ‘मागाहून बघू’ म्हणतात, आणि मतदार यादीत नाव नाही.
– सावंतवाडी

उत्तर : वर्गणी हातात देऊच नका. यादीसाठी ठरलेल्या शेवटच्या तारखेआधी ती संघटनेच्या खात्यात ऑनलाइन भरा, शेऱ्यात ‘वार्षिक वर्गणी’ आणि वर्ष लिहा, आणि त्याच दिवशी सचिवांना ईमेल करा. पैसे परत आले तरी पुरावा तुमच्याकडे राहतो. नाव कच्च्या यादीत नसेल तर हरकत त्या यादीच्या मुदतीत घ्या. मतदानानंतरची हरकत फिकी पडते. घटनेत सभासदाची व्याख्या ‘कार्यरत शिक्षक’ अशी असेल तर अडचण आहे, कारण तुमची नेमणूक सत्रापुरती आणि मधला खंड निवडणुकीच्याच सुमारास येतो. ‘दोन नेमणुकांमधल्या खंडाने सभासदत्व जाणार नाही’ ही दुरुस्ती निवडणूक जाहीर होण्याआधीच्या सभेत मांडा. आणि यादी करणारा माणूस स्वतः उमेदवार नसावा, हेही त्याच ठरावात घाला.