झोपलेल्या आजींचा फोटो

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा, वय २४, फोटोग्राफीचं वेड आहे. वारीत तरडगावच्या अलीकडे झाडाखाली गाढ झोपलेल्या एका आजींचा फोटो त्यांच्या नकळत काढला. लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलेलं, तळपायाला फोड. त्याच रात्री इन्स्टाग्रामवर टाकला, खूप गाजला, आता एका प्रदर्शनासाठीही निवडलाय. आजींचा नातू म्हणतो, काढून टाक. पण रस्त्यावर फोटो काढणं गुन्हा नाही ना? आणि विचारलं असतं तर तो क्षणच गेला असता.

उत्तर : आजच काढून टाक, प्रदर्शनवाल्यांनाही कळव.

विचारलं की क्षण जातो, हे मला मान्य आहे. त्याच वाटेवर चांदोबाचा लिंब या ठिकाणी उभं रिंगण होतं, अश्व धावतो, माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. तिथे परवानगी कोण कुणाला विचारणार? पण तिथे आलेल्याला आजूबाजूचे कॅमेरे दिसत असतात. झोपलेल्या बाईला पदरसुद्धा सावरता येत नाही. एखाद्या बड्या अधिकाऱ्याची आई तशी झोपलेली असती, तर तू कॅमेरा उचलला असतास? मला नाही वाटत. मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

रस्त्यावरचा फोटो सहसा गुन्हा ठरत नाही, खरं आहे. पण २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा हेही म्हटलं की सार्वजनिक जागी आल्याने माणूस तो गमावत नाही.

काढणं वेगळं आणि चारचौघांत मांडणं वेगळं. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले. त्यांचं पुस्तक निघालं थेट १९६६ मध्ये. लपून काढण्याबद्दल वाद घालता येईल, पण एवढी वर्षं तो थांबला. तू एक रात्रही थांबला नाहीस.

आता नातवाला फोन कर, माफी माग आणि आजींना भेटायला येऊ का विचार. चांगली मोठी प्रिंट घेऊन जा, कॅमेरा घरीच ठेव. लाज नातवाला वाटते की आजींना, हे तुला ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून फोटो त्यांच्याच हातात दे. कुठे लावायचा आहे, कोण बघणार आहे, सगळं नीट सांग. कदाचित म्हणतील, डोक्यावर पदर घेते, मग दुसरा काढ बाळा. तसं असेल तर पुन्हा जा. नको म्हणाल्या, तर प्रिंट त्यांच्यापाशी ठेव आणि मूळ फाइलही डिलीट कर.

— ताई