फ्लॅटमधल्या किरकोळ कामांसाठी १२ व्होल्टचं बॅटरीवरचं ड्रिल पुरेल का?

ड्रिलचं नंतर बघू, आधी तुमच्या भिंती कशाच्या आहेत ते सांगा. पडद्याचे रॉड, दोन-चार फ्रेमा आणि किचनच्या कपाटांचे ढिले स्क्रू, एवढीच कामं तुम्ही लिहिलीत. त्यातलं तिसरं काम हे ड्रिल डोळे मिटून करेल. पहिल्या दोनांचं मात्र भिंत ठरवणार.

मी डोंबिवलीला राहते. आमची इमारत जुनी, विटांच्या भिंतींची. माझ्याकडे हॅमर असलेलं १२ व्होल्टचं छोटं ड्रिल चार वर्षं आहे आणि विटेत ६ मिमीचं भोक ते सहज पाडतं. फक्त एकदा घड्याळ लावताना भोक नेमकं काँक्रीटच्या पिलरवर आलं. प्लॅस्टर होतं तोवर झरझर गेलं, पुढे हलेचना. मी आणखी जोर लावला. बिटचं, म्हणजे ड्रिलला पुढे लावतो त्या सळईचं, टोक निळं पडलं, ड्रिल हातात धरवेना, आणि भिंतीत खड्डा जेमतेम पाव इंच. घड्याळ शेवटी फूटभर डावीकडे गेलं.

असं होतं, कारण छोट्या ड्रिलमधला हॅमर म्हणजे दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरताना बसणारे बारीक धक्के. मागचा जोर आपल्या हाताचा. इलेक्ट्रिशियन आणतो त्या रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने ठोके मारतो. काँक्रीटला तोच हवा. मुंबई-ठाणे-पुण्याच्या बऱ्याच नव्या टॉवरांत मायवानचं बांधकाम असतं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सरसकट काँक्रीटच्या भिंती. तुमचा फ्लॅट तसा असेल तर भिंतीच्या आशेने हे ड्रिल घेऊ नका. सगळ्या भोकांच्या खुणा करून ठेवा आणि एकदाच माणूस बोलावून पाडून घ्या. याउलट सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंती इतक्या मऊ की तिथे हॅमर बंदच ठेवायचा, नाहीतर भोक मोठं होऊन स्क्रू धरणारी गिट्टी गोल फिरत बसते.

कुठली भिंत आहे ते भुगा सांगतो. वरचं प्लॅस्टर गेल्यावर लाल आला तर वीट, राखाडी येत राहिला आणि बिट अडलं तर काँक्रीट, फिकट पिठासारखा भसाभस आला तर ब्लॉक. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरींचे पाइप बहुधा तसेच गेलेले असतात. बाथरूममध्ये नळाच्या आसपासही नको.

आता खरी गोष्ट. माझं ड्रिल दहातली आठ कामं स्क्रू पिळायचीच करतं. पावसाळ्यात दरवाजा फुगतो, कडी बसत नाही, पट्टी काढून दोन मिमी खाली लावायची. कपाटाची बिजागरी लोंबते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून हाताने वीस स्क्रू पिळून बघा, मग कळतं. यासाठी पुढच्या रिंगवरचे आकडे समजून घ्या, बहुतेक जण ते बघतच नाहीत. आकडा म्हणजे किती जोर लागला की ड्रिलने कटकट करत सोडून द्यायचं. चार-पाचपासून सुरू करा, स्क्रू पूर्ण बसला नाही तर एकेक वाढवा. बिटचं चित्र आहे तिथे ही सोय बंद असते, ते फक्त भोकासाठी. मी पहिल्याच आठवड्यात त्या चित्रावर ठेवून कपाटाच्या दारात स्क्रू मारला. आतला भुसा पार पिठूळ झाला, आटे धरायला काही उरलंच नाही. माचिसच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून तो आजतागायत टिकलाय, पण दार उघडताना माझी नजर तिथे जातेच. वरचं गिअरचं बटणही स्क्रूसाठी १ वर, भोकासाठी २ वर.

दुकानात व्होल्टच्या आकड्यांना भुलू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे तीन सेल असतात, म्हणजे खरे १०.८. वीस व्होल्ट लिहिलेलं आणि १८ व्होल्टचं दोन्हीत पाचच सेल. (मला तर दुकानदाराने 'मिस्टरांना पाठवा' सांगितलं होतं. मी दुसऱ्या दुकानातून घेतलं.) हातात धरून बघा, मनगटाला जड वाटलं तर ते माळ्यावर पडून राहील. बॅटरी रिकामी करून महिनोन् महिने ठेवू नका. माझी पहिली तशीच गेली, आठ महिन्यांनी चार्जरने ओळखच दाखवली नाही. अर्धी भरलेली, उन्हापासून लांब ठेवा.

सोबतच्या पेटीतले बिट बहुधा सुमार असतात. भिंतीसाठी कार्बाइडच्या टोकाचं ६ मिमीचं एक चांगलं बिट आणि स्क्रूसाठी पीएच-२चे, म्हणजे अधिक चिन्हाच्या खाचेत बसणाऱ्या नेहमीच्या मापाचे, दोन-तीन वेगळे घ्या. पीएच-२ गुळगुळीत झालं की स्क्रूचं डोकं खायला लागतं, तेव्हा लगेच बदला. इमारत कोणत्या प्रकारची ते कळवलंत तर भिंतीचं नक्की सांगते.