अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गावांच्या नोंदी लिहायला घेतोयस, तर आधी एवढं बघ

टाउनशिप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बिल्डरची वसाहत येते. ते चित्र आधी पुसून टाक. इंडियानात ९२ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि त्या टाउनशिपांमध्ये विभागलेल्या आहेत. टाउनशिपचा कारभार निवडून आलेला ट्रस्टी, म्हणजे तिथला कारभारी, पाहतो. अडचणीतल्या कुटुंबाला घरभाडं किंवा वीजबिलासाठी मदत हवी असेल, तर ते त्याच्याच दारात जातं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, तो नोंदीत आलाच पाहिजे.

जुन्या नकाशावर मात्र वेगळीच टाउनशिप भेटेल. १७८५च्या कायद्यापासून चालत आलेली ती जमीन मोजणीची चौकट: सहा मैल बाय सहा मैल, आत ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. कारभाराची हद्द तिच्याशी जुळेलच असं धरून चालू नकोस. मी सुरुवातीला तेच धरलं आणि बऱ्याच नोंदी पुन्हा लिहाव्या लागल्या.

आता वस्त्या. ब्राउन काउंटीतलं नॉ बोन घे. त्याच काउंटीतल्या नॅशव्हिलच्या पूर्वेला, स्टेट रोड ४६ वर. नाव आहे, घरं आहेत, पण स्वतःची नगरपालिका नाही, त्यामुळे कायद्याने ठरलेली हद्दही नाही. तिथे 'शहर' लिहू नकोस, 'वस्ती' लिही. ती वॉशिंग्टन टाउनशिपमध्ये येते, आणि या नावाच्या टाउनशिपा राज्यात कितीतरी आहेत, म्हणून काउंटीचं नाव कधीही गाळू नकोस. पत्त्यातल्या टपाल कार्यालयाच्या नावावरूनही गाव ठरवू नकोस.