दोन वर्षांची मुदत आणि कडब्याचा हिशेब

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.४. मोहोळ तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे. 'रावे'साठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहून आल्यापासून तिनं एकच धोशा लावला आहे : कृषी अर्थशास्त्रात एमएस्सी करायचं आणि कोरडवाहू भागात कोणत्या संशोधनाला आधी पैसा द्यायचा, हे ठरवण्याचं काम करायचं. हे काम मंत्र्यांचं. मी तिला एमपीएससीसाठी दोन वर्षं दिली आहेत, त्यानंतर लग्न. आम्ही जन्म कोरडवाहूत घालवला, तिनंही त्यातच डोकं घालावं का? तिला समजावून सांगा. सोबत तिची चिठ्ठी जोडली आहे.
(चिठ्ठीत एवढंच : 'ज्या तालुक्यात उत्पादन सगळ्यात कमी, तिथल्या संशोधनाला सगळ्यात जास्त पैसा मिळायला हवा. हे ठरवणाऱ्यांत मला बसायचंय.')
– एक पालक, जि. सोलापूर

उत्तर :
सप्रेम नमस्कार. मार्कांचं आधी उरकते : ७.४ पुरेसे आहेत, त्यावर झोप घालवू नका.

मला खटकली ती तुमची 'दोन वर्षं दिली आहेत' ही भाषा. एमपीएससी तिनं मागितलेली नाही. जी परीक्षा तिला द्यायचीच नाही तिची मुदत तुम्ही ठरवलीत आणि मुदतीच्या टोकाला लग्न बांधून ठेवलंत. जाहिरात लांबली, निकाल अडकला, तर त्याची किंमत ती भरणार. या परीक्षेत दोन वर्षं सहज निघून जातात, हे गावातल्या अभ्यासिकेत बसणारा कुठलाही मुलगा सांगेल. तुमचं पत्र दोनदा वाचलं तर कळतं की राग कोरडवाहूवर आहे. तो रास्त आहे. पण ज्या घरानं पावसाकडे डोळे लावून वर्षं काढली, त्याच घरातली मुलगी 'हे असं का?' असं विचारते आहे आणि तिला गप्प करायला तुम्ही मला सांगताय. ते काम मी करणार नाही.

शिवाय हे काम मंत्र्यांचं नाही. अर्थसंकल्पातला आकडा सरकार ठरवतं. त्या आकड्यातून ज्वारीच्या खोडमाशी या किडीवर काम करायचं की हलक्या जमिनीसाठी वाण काढायचा, हे प्रस्ताव शास्त्रज्ञ मांडतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोत, वाण आणि शिफारशी मान्य होतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला १९७२ पासून असलेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा तर हा रोजचा विषय. तिथे १९९४–९८ च्या योजनेसाठी संशोधनाचे विषय चार कसोट्यांवर लावले गेले : आर्थिक परतावा, गरिबांना लाभ, एकाहून अधिक देशांना उपयोग आणि टिकाऊपणा. याच संस्थेनं १९७५ पासून ज्या मोजक्या गावांत घरोघरी बसून शेतीचे हिशेब लिहिले, त्यांत तुमच्याच तालुक्यातलं शिरापूर आहे.

आता तुमच्या मुलीशी बोलते, कारण चिठ्ठीतलं वाक्य चुकीचं आहे.

उत्पादन सगळ्यात कमी म्हणून पैसा सगळ्यात जास्त, हे ऐकायला न्यायाचं वाटतं, पण गरज आणि संशोधनानं सुटणारी अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन वीतभर खोल आणि खाली मुरूम असेल, तर पीक फुलोऱ्यात यायच्या आत ओल संपते. तिथे कमी दिवसांत येणारा वाण काही प्रमाणात मदत करतो, बाकी काम बांधबंदिस्तीचं आहे. कुठे बियाणंच वेळेवर पोचत नाही, तिथे नवा वाण काढून काय होणार? म्हणून आधी अडचणींची यादी करायची, मग प्रत्येकीपुढे पाच आकडे : क्षेत्र किती, उत्पादन किती वाढेल, संशोधन यशस्वी होण्याची शक्यता किती, किती क्षेत्रावर ते पोचेल आणि किती वर्षांनी.

एक हिशेब करून बघ. आकडे उदाहरणापुरते धरलेत. रब्बी ज्वारीचं क्षेत्र १ लाख हेक्टर, हेक्टरी १० क्विंटल, नव्या वाणानं दीड क्विंटल जास्त, भाव ३,००० रुपये. म्हणजे हेक्टरी ४,५०० रुपये. ३० टक्के क्षेत्रावर वाण पोचला तर वर्षाला साडेतेरा कोटी. यशाची शक्यता निम्मी धर, राहिले पावणेसात. वाण शेतात जायला ८ वर्षं लागणार, आणि उशिरा मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा, म्हणून वर्षाला ८ टक्के दरानं आजच्या पैशात आण : साधारण ३.६५ कोटी, पोचल्यानंतरच्या एका वर्षाचे. पुढची वर्षं अशीच मोजून बेरीज करायची आणि संशोधनाचा खर्च वजा करायचा.

आता यात कडबा घाल. नवा वाण बुटका असल्यानं हेक्टरी फक्त १०० पेंढ्या कमी निघाल्या आणि शेकडा २,५०० रुपये भाव असला, तर ४,५०० चा फायदा २,००० वर आला. ३.६५ कोटींचे झाले १.६२. यादीत वर असलेला प्रकल्प खाली घसरला, आणि दाण्याचं गणित कुठेही चुकलेलं नाही. सोलापुरात ज्वारी जनावरासाठीही पेरतात, हे तुझ्या वडिलांना कोणी शिकवायला नको. १९६४ ला सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, खरिपातलं उत्पादन वाढलं, पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि असा माल भाकरीला कोणी घेत नाही. रब्बीत मात्र १९३० च्या दशकात मोहोळलाच निवडलेली मालदांडी अजून हटलेली नाही. दाणा, भाकरी आणि कडबा तिन्हींत तिला मागे टाकणं अवघड आहे.

दुसरी फसगत सरासरीची. सोलापूर जिल्ह्याची सरासरी काढलीस की कालव्याच्या पाण्यावरचं पंढरपूर, माळशिरस आणि सांगोल्याचं माळरान एका आकड्यात बसतं, आणि तो आकडा कोणाच्याच शेताला लागू होत नाही. राहुरीच्या ज्वारीच्या शिफारशी बघ, त्या जमिनीच्या खोलीवर आहेत : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. प्राधान्याचा प्रदेश असा आखायचा, तहसीलच्या हद्दीनं नाही. रोगालाही हद्द नसते. तुरीचा मर रोगाला दाद न देणारा 'मारुती' वाण १९८६ ला कर्नाटकात प्रसारित झाला आणि महाराष्ट्रातल्या शेतांतही आला. शेजारचं राज्य जे करतंय तेच आपण पुन्हा करायचं का, हा रकाना तक्त्यात हवाच.

आणि माणसांचं सांगते. यशाची शक्यता विचारलीस की प्रत्येक पैदासकार, म्हणजे वाण काढणारा शास्त्रज्ञ, स्वतःच्या पिकाला भरघोस देतो. त्यासाठी दुसऱ्या पिकाच्या माणसालाही तोच प्रश्न विचारायचा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. खोडमाशीनं इतकं नुकसान, खडखड्या रोगानं इतकं, ओल संपल्यानं इतकं, असं तज्ज्ञांकडून गोळा करून बेरीज केलीस तर कधीकधी नुकसान पिकापेक्षा मोठं निघतं. रब्बी ज्वारीचं बियाणं बरेच शेतकरी घरचंच ठेवतात, त्यामुळे विक्रीच्या आकड्यावरून वाण किती पोचला हे कळत नाही. सगळ्यात वाईट खोड म्हणजे कसोट्यांचं वजन, म्हणजे कोणत्या कसोटीला किती महत्त्व, आवडता प्रकल्प वर येईपर्यंत हलवत राहणं. वजनं आधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, मगच गुण द्यायचे.

'ठरवणाऱ्यांत' पंचविशीत कोणी बसत नाही. आधी पुष्कळ वर्षं दुसऱ्यांचे तक्ते भरावे लागतात आणि गावात पेंढ्या मोजाव्या लागतात. हे जमणार नसेल, तर बँकेची कृषी अधिकाऱ्याची परीक्षा चांगली आहे, त्यात कमीपणा नाही.

प्रवेशाचा मार्ग नेहमीचा : राज्यातल्या विद्यापीठांसाठी सीईटी, देशपातळीवर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) पीजी परीक्षा, पुढे पीएचडी आणि नेट. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कृषी अर्थशास्त्र घे, पण मायनर (जोडविषय) मात्र संख्याशास्त्र किंवा ॲग्रॉनॉमी, म्हणजे पीक लागवडीचं शास्त्र. केवळ अर्थशास्त्र शिकलेल्याला जमिनीची खोली दिसत नाही आणि केवळ ॲग्रॉनॉमीवाल्याला कडब्याचा भाव.

प्रवेशाला अजून वेळ आहे, तोवर एक तालुका आणि एक पीक घेऊन वरचा तक्ता एक्सेलमध्ये भर. इक्रिसॅटची जिल्हानिहाय आकडेवारी फुकट मिळते, १९६६ पासूनची. एका गावात हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीचे प्रत्येकी पाच शेतकरी गाठ, त्यांना दाणा आणि कडबा दोन्ही विचार. पेंढीचं वजन गावागणिक बदलतं, म्हणून काटा सोबत ने.

वडिलांना पुन्हा एकदा : मुलीच्या तक्त्यात जो रकाना मी भरायला सांगितला, तो तुमच्या एमपीएससीच्या बेतात कोराच आहे. यश मिळण्याची शक्यता किती, आणि नाही मिळालं तर पुढे काय? ते लिहिता येत नसेल, तर दोन वर्षांची मुदत आजच मागे घ्या. एमएस्सीलाही दोनच वर्षं लागतात आणि शेवटी हातात पदवी असते. लग्नाचं तिला विचारा, मला नको. आणि पंधरा शेतकऱ्यांकडे ती जाईल तेव्हा पहिल्या दोन-तीन घरी तुम्ही बरोबर जा. अनोळखी मुलीला कडब्याचा खरा भाव कोणी लगेच सांगत नाही.