लहान उद्योग किती आहेत यापेक्षा त्यांची वाढ कुठे अडते ते बघा

तुमचा प्रश्न असा: विकसनशील देशांत लघु-मध्यम उद्योग खरंच अर्थव्यवस्थेला पुढे नेतात, की ते भाषणांपुरतंच आहे? माझी बरीच वर्षं लहान उद्योगांची कर्जप्रकरणं हाताळण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागतिक बँकेच्या हिशेबानं जगातले सुमारे ९० टक्के व्यवसाय लघु-मध्यम आहेत आणि निम्म्याहून जास्त रोजगार त्यांच्याकडे आहे. हे बरोबरच आहे. पण त्यावरून ‘लहान उद्योगांची संख्या वाढवली की देश वाढेल’ असं म्हणणं घाईचं होतं. बेक, डेमिर्गुच-कुंट आणि लेव्हाइन या अर्थतज्ज्ञांनी २००५ साली ४५ देशांची आकडेवारी तपासली. जिथे लघु-मध्यम क्षेत्र मोठं, तिथे वाढही चांगली दिसली. पण त्या क्षेत्रामुळेच वाढ झाली, असं काही सिद्ध करता आलं नाही.

माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. दहा माणसांचा उद्योग पन्नास माणसांचा होतो का? श्यै आणि क्लेनो या अर्थतज्ज्ञांचा २०१४ चा अभ्यास इथे फार बोलका आहे. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त कामगार असतात. मेक्सिकोत आणि भारतात मात्र साधारण दुप्पटच. म्हणजे आपल्यासारख्या देशांत उद्योग जन्माला येतात, तगतातही, पण मोठे होत नाहीत. आणि उत्पादकता, पक्क्या नोकऱ्या, निर्यात हे सगळं येतं ते मोठं होण्याच्या टप्प्यावर.

का होत नाहीत? कारणं अनेक सांगतात: वीज, परवाने, कुशल माणसं. ती खरीच आहेत. पण मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं कारण म्हणजे खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

एक साधं वर्कशॉप घ्या, यंत्रांचे सुटे भाग बनवणारं. कच्चा माल रोखीनं घ्यावा लागतो. मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. माल तयार व्हायला तीन-चार आठवडे जातात. मग मोठ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये तपासणी, मग बिल अकाउंट्सकडे, आणि तिथून पुढे ९० दिवस. म्हणजे खिशातून गेलेला पैसा परत यायला चार महिने. दर महिन्याला एक ऑर्डर असेल, तर चार ऑर्डरींचा खर्च कायम अडकलेला. आता हाच ग्राहक म्हणाला, ‘पुढच्या महिन्यापासून दुप्पट माल द्या’, तर अडकणारी रक्कमही दुप्पट होणार, आणि नफा दहा टक्के असेल तर तो या खड्ड्यात कुठल्या कुठे जातो. ताळेबंद नफ्यात असतो, तरी मालक ऑर्डर नाकारतो. यात त्याच्या धाडसाचा काही संबंध नाही. तो बँकेत येतो तेव्हा बँक जमीन किंवा घर तारण मागते, आणि त्याची मालमत्ता तर यंत्रं, माल आणि येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) या रूपात असते. जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या २०१७ च्या अंदाजानुसार विकसनशील देशांत अशी पुरेसं कर्ज न मिळणारी साडेसहा कोटी नोंदणीकृत आस्थापनं होती आणि ही तूट वर्षाला ५.२ लाख कोटी डॉलरची होती.

हे सुटू शकतं, आणि सुटलं की काय होतं ते बांगलादेशात दिसतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या देश गार्मेंट्सनं कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० जणांना शिवणकाम, उत्पादन नियोजन, विक्री शिकायला कोरियाला पाठवलं. पुढच्या काही वर्षांत त्यांतले बहुतेक बाहेर पडले. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा सुटतो: बॅक-टू-बॅक एलसी. परदेशी ग्राहकाचं निर्यातीचं पतपत्र (एलसी, म्हणजे माल पोचवल्यावर पैसे मिळतील अशी बँकेची हमी) हाती असेल, तर त्याच्याच आधारावर बँक कापड आयात करायला दुसरं पतपत्र देई. म्हणजे ऑर्डर हेच तारण. हातात कसब होतंच, आता भांडवलाची अटही सैल झाली. आज तयार कपडे हा त्या देशाच्या निर्यातीचा कणा आहे.

मेक्सिकोच्या नाफिन या सरकारी विकास बँकेनं २००१ पासून हेच बिलांच्या बाबतीत केलं. मोठ्या कंपनीनं लहान पुरवठादाराचं बिल ऑनलाइन मान्य केलं की पुरवठादार ते बिल बँकेला देऊन लगेच पैसे उचलू शकतो. व्याज ठरतं मोठ्या कंपनीची पत पाहून, कारण शेवटी पैसे तीच देणार असते. मला ही योजना मनापासून आवडते. फक्त कमावलेला पैसा वेळेवर हातात येतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण असे प्रश्न ‘लहान की मोठे’ अशा सुरात विचारले जातात. या दोन्ही उदाहरणांत मोठी कंपनी होतीच: एकीकडे शिकवणारी, दुसरीकडे बिल मान्य करणारी. मोठ्यांशिवाय लहानांना बाजार मिळत नाही, आणि लहानांशिवाय मोठ्यांना सुटे भाग, दुरुस्ती, जोडकाम मिळत नाही. भांडण फक्त एका ठिकाणी आहे, पैसे किती दिवसांनी द्यायचे यावर. तिथे मात्र मी पूर्णपणे लहानांच्या बाजूचा आहे. आपला पैसा मोकळा ठेवण्यासाठी मोठी कंपनी पुरवठादाराला तीन महिने लटकवते, तेव्हा ती त्याच्याकडून बिनव्याजी कर्जच घेत असते.

तेव्हा कुठल्याही देशाचं धोरण वाचताना किती नवे उद्योग नोंदले हा आकडा मी शेवटी बघतो. आधी बघतो ते हे: मान्य बिलाचे पैसे सरासरी किती दिवसांत मिळतात, यंत्रं आणि येणी तारण म्हणून नोंदवता येतात का, आणि दहा वर्षांपूर्वी दहा माणसं असलेल्या किती आस्थापनांत आज पन्नास आहेत. तुम्ही ज्या देशाचा विचार करताय त्याची ही माहिती मिळाली तर इथे टाका, त्यावर पुढे बोलू.