प्रश्न: ट्रोगन पक्ष्याच्या किती जाती आहेत आणि आपल्याकडे तो कुठे दिसतो?

जगात ४० च्या वर. अमेरिका, आफ्रिका, आशिया तिन्हीकडे, ग्वाटेमालाच्या चलनाला ज्याचं नाव दिलंय तो केत्झाल पण ह्यांच्यातलाच. भारतात तीन, त्यातले दोन तिकडे हिमालय-ईशान्येत आणि सह्याद्रीत आपला मलबार ट्रोगन, म्हणजे कर्णा. आंबोली, तिळारी, गोव्यात तांबडी सुर्ला.

आता मला जे सांगायचंय ते. आमचं घर आंबोली घाटाखाली, परसामागूनच रान सुरू होतं आणि तिथे पांगाऱ्याचं एक कुसलेलं खोड उभं होतं, माझ्या खांद्याएवढं. एका मार्चमध्ये गेलो तर कर्ण्याची जोडी ते कोरत होती. नर मला बघून पाठ करून बसला, लालभडक पोट पलीकडे लपवलं आणि मागून नुसता तपकिरी, पानांत हरवलाच. मादीचं पोट पिवळट-केशरी, तिच्या चोचीला भुसा चिकटलेला. ह्यांची चोच सुतार पक्ष्याची नाही हो, आखूड नि रुंद, त्यामुळे लाकूड कुजून मऊ झालेलं असेल तरच कोरता येतं, तरी महिनाभर लागतो आणि एवढं करून अंडी दोन.

मी पुण्याला परत आलो आणि पंधरा दिवसांनी कळलं की काकांनी खोड तोडून न्हाणीच्या चुलीत घातलं. मी फोनवर भांडलो तर म्हणाले, "कुसलेल्या खोडात काय आसा? परसू साफ नको?" काका, त्याच्यात घर होतं. सहा वर्षं झाली, तिथे परत जोडी दिसलेली नाही.

लोक म्हणतात झाडं लावा. लावा की, पण मेलेलं झाड उभं ठेवणं हे पण जंगल राखणंच आहे आणि हे मी काकांना अजून पटवतोय. घरावर कलंडलेलं असेल तर तोडा, ते मान्य, आणि सरपण सगळ्यांनाच लागतं.

तुम्ही फेब्रुवारी ते मे जाणार असाल तर विणीचा काळ असतो, मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज अजिबात वाजवू नका. आणि होमस्टे बुक करताना मालकाला आधी विचारा, मागच्या रानातली वाळकी खोडं ठेवलीत की तोडलीत. तोडली असतील तर दुसरीकडे बुक करा, आणि का ते त्यांना सांगा.