वाचकांचे प्रश्न : परमुलखातला नाताळ

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळ राहते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होते, तेव्हा शेजारच्या बाई नोव्हेंबर उजाडताच एक भले मोठे खोके भरून जपानला पाठवण्याच्या गडबडीत होत्या. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा धर्मप्रचारासाठी दोन वर्षे तिकडे गेला आहे. एवढ्या मोठ्या सणाला त्याला चार दिवस घरी का येऊ देत नाहीत, असे मी विचारले, तर त्या नुसत्या हसल्या. पूर्वी वर्षातून दोनदाच फोन करता येत असे, असेही त्या म्हणाल्या. हे खरे आहे का? आणि ही मुले नाताळला तिकडे करतात तरी काय? जाता जाता आणखी एक : मी केलेला चहा त्यांनी घेतला नाही, याचे मला थोडे वाईट वाटले.
(एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : चहाचे आधी सांगतो, म्हणजे आपल्या मनातली रुखरुख जाईल. आपण केलेल्या वर्णनावरून शेजारच्या बाई ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाच्या असाव्यात. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला हा पंथ लोकांच्या तोंडी ‘मॉर्मन’ या नावाने आहे आणि त्याचे मुख्यालय सॉल्ट लेक सिटीतच आहे. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू या चारही गोष्टी त्यांना वर्ज्य आहेत. त्यामुळे त्यांनी नाकारला तो चहा, आपला पाहुणचार नव्हे. कोकम सरबत पुढे केले असते तर ते त्यांनी आनंदाने घेतले असते. (हा पंथ स्वतःला ख्रिस्तीच मानतो, परमेश्वराच्या त्रैक्याविषयीची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयीची, त्याची भूमिका वेगळी असल्यामुळे इतर अनेक चर्चांना ते मान्य नाही. तो वाद येथे बाजूला ठेवतो.)

या पंथात तरुण मुलांनी दोन वर्षे आणि इच्छा असल्यास मुलींनी दीड वर्ष घर सोडून प्रचारसेवेत घालवावे, अशी जुनी रीत आहे. निघण्याचे किमान वय २०१२ साली मुलांसाठी एकोणीसवरून अठरा आणि मुलींसाठी एकवीसवरून एकोणीस असे खाली आणले गेले; २०२५ च्या अखेरीस मुलींसाठीही ते अठरा झाले. आज जगभर अशी सत्तर हजारांहून अधिक मुलेमुली एका वेळी बाहेर असतात. कोठे जायचे हे त्यांनी ठरवायचे नसते. मुख्यालयाकडून नेमणूक येते आणि ती सॉल्ट लेकच्या शेजारच्या गावीही असू शकते किंवा जपानच्या टोकालाही. पगार नसतो. उलट दरमहा ठरावीक रक्कम मुलाने साठवलेल्या पैशांतून किंवा घरच्यांनी भरायची असते. सकाळी साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा आणि मधल्या वेळात अभ्यास, भेटी व सेवा, असा दिवस बांधलेला असतो. सोबतीला चोवीस तास एक जोडीदार असतो आणि तोही वरूनच नेमलेला. तेथे कोणी नावाने हाक मारत नाही; मुलगा ‘एल्डर’, मुलगी ‘सिस्टर’ आणि पुढे आडनाव.

आता रजेचा प्रश्न. आपण या प्रचारसेवेला नोकरीच्या मापाने पाहता आहात, म्हणून चार दिवसांची रजा आपल्याला साधी गोष्ट वाटते. त्या घरांत मात्र ही दोन वर्षे देवाला दिलेली आहेत, अशी भावना असते आणि दिलेल्यातून काही परत मागायचे नसते. घरात सख्ख्या बहिणीचे लग्न निघाले तरी मुलगा येत नाही, लग्नाचे फोटो जातात. आपल्याकडे चातुर्मासाचा नेम धरलेला माणूस मध्येच चार दिवस नेम सोडून पुन्हा धरीत नाही, तसाच काहीसा हा प्रकार समजावा. शेजारच्या बाईंचे ते हसू बहुधा यामुळेच असावे. उत्तर त्यांना ठाऊक होते, पण ते पाहुणीला दोन वाक्यांत सांगण्यासारखे नव्हते.

फोनचे त्यांनी सांगितले ते अगदी खरे आहे. १५ फेब्रुवारी २०१९ पर्यंत प्रचारसेवेतील मुलांना घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनच दिवशी होती : नाताळ आणि मातृदिन. बाकी वर्षभर आठवड्याला एक पत्र आणि पुढच्या काळात एक ई-मेल. म्हणून युटातल्या कितीतरी घरांत नाताळच्या भेटवस्तूंपेक्षा त्या एका फोनची वाट अधिक पाहिली जाई. आजी-आजोबा, भावंडे, चुलते असे सगळे एका खोलीत जमत आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येत. लक्ष कामावरून उडू नये आणि घरची ओढ चाळवू नये, हा त्यामागचा हेतू होता. माझे मत विचाराल तर हा नियम मुलांपेक्षा आयांना अधिक जाचत असावा. मुलाच्या हाताला दिवसभर काम तरी असते. २०१९ मध्ये दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी, घरच्यांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याची परवानगी मिळाली. कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे आणि घरी बोलणे यांसाठी राखून ठेवलेल्या आठवड्यातल्या दिवसाला ‘तयारीचा दिवस’ म्हणतात. तो बहुतेक ठिकाणी सोमवार असतो.

जपानमधला त्यांचा नाताळ कसा जातो, हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जपानमध्ये २५ डिसेंबरला सुट्टी नसते. कचेऱ्या चालू असतात, आगगाड्या नेहमीसारख्या भरून धावतात. दुकानांत रोषणाई आणि गाणी भरपूर असतात, परंतु सणाचा धार्मिक अर्थ फार थोड्यांच्या मनात असतो. १९७० च्या दशकापासून त्या दिवसांत केएफसीचे तळलेले चिकन खाण्याची प्रथा तेथे पडली असून लोक त्यासाठी आगाऊ नोंदणी करतात. जोडीला पांढऱ्या क्रीमचा, वर स्ट्रॉबेरी लावलेला केक असतो. युटात लहानपणापासून घराघरांत सजलेले झाड आणि बाहेर बर्फ पाहिलेल्या मुलाला हा नाताळ ओळखीचा वाटतो आणि वाटतही नाही. सकाळी दोघे आपल्या लहानशा भाड्याच्या घरात उठतात. नोव्हेंबरमध्ये निघालेले ते खोके तोवर येऊन भिंतीशी पडलेले असते आणि ते आधी न उघडण्याचा शब्द आईने घेतलेला असतो. आत मोजे, चॉकलेटे, बहिणीने काढलेले चित्र, एखादी पुडी आईने घरी भाजलेल्या बिस्किटांची, तीही वाटेत निम्मी चुरा झालेली. मग घरी फोन होतो. जपानमध्ये २५ तारखेचे सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा युटात २४ तारखेची दुपारचे चार वाजल्याची वेळ असते, म्हणजे मुलाचा नाताळ सुरू झालेला आणि घरच्यांचा अजून व्हायचा.

त्यांच्या पंथात नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेची रीत नाही. २५ तारीख रविवारी आली नाही तर त्या दिवशी चर्चमध्ये उपासनाही सहसा नसते. त्यामुळे दिवस भरायचा तो माणसांनीच. प्रांतातल्या अशा सर्व मुलांवर देखरेख करणारे एक वडीलधारे दांपत्य असते; ते डिसेंबरात मुलांना गटागटाने बोलावून जेवू घालते, गाणी आणि नकला होतात. स्थानिक मंडळीतले एखादे जपानी कुटुंबही घरी बोलावते. उरलेल्या वेळात स्टेशनबाहेर उभे राहून नाताळची गाणी गाणे, वृद्धांच्या भेटी घेणे असे काहीतरी चालू असते. रिकामा वेळ शक्य तितका कमी ठेवायचा, हे त्या व्यवस्थेने अनुभवाने ठरवलेले दिसते.

मला मात्र वाटते की, खरा कठीण काळ नाताळचा नसून त्यानंतरच्या आठवड्याचा आहे. जपानचा घरगुती सण म्हणजे नववर्ष. २९ डिसेंबरपासून ३ जानेवारीपर्यंत कचेऱ्या बंद असतात, माणसे गावी जातात, ३१ तारखेच्या रात्री सोबा नावाच्या शेवया खाल्ल्या जातात आणि १ तारखेला डब्यांत रचून ठेवलेले पक्वान्न कुटुंबाने मिळून खायचे असते. अशा दिवसांत अनोळखी माणसाने दार ठोठावणे तेथे कोणालाच बरे वाटत नाही. शहर थंड, रस्ते मोकळे, प्रत्येक बंद दारामागे एकेक कुटुंब जमलेले आणि परक्या देशातल्या या दोघांना जायला कोठे नाही. त्यांच्यापैकीच कोणी फिलिपिन्समध्ये नेमलेला असेल तर त्याचे उलट असते. तेथे सप्टेंबरपासून नाताळची गाणी वाजू लागतात, १६ ते २४ डिसेंबरपर्यंत रोज पहाटे कॅथलिक चर्चे भरतात आणि पंथ वेगळा असला तरी दारी आलेल्याला जेवल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही.

शेजारच्या बाईंना दिलासा द्यायचा असेल तर एक जुने उदाहरण त्यांच्यापाशी काढावे. त्यांना ते ठाऊकही असेल. या पंथाचे पहिले चार प्रचारक १२ ऑगस्ट १९०१ रोजी योकोहामा बंदरात उतरले, त्यांत आल्मा टेलर नावाचा नुकताच एकोणीस वर्षांचा झालेला मुलगा होता. तो १९१० पर्यंत, म्हणजे साडेआठ वर्षे तेथेच राहिला, जपानी शिकला आणि पंथाचा मुख्य ग्रंथ त्याने त्या भाषेत आणला. तो १९०९ साली छापला गेला. त्याच्या काळी पत्र बोटीने जात असे. त्या मानाने दोन वर्षे आणि दर आठवड्याचा व्हिडिओ हे पुष्कळच सुसह्य म्हणायचे, मात्र हे वाक्य त्या बाईंच्या तोंडावर म्हणू नये.

प्रश्न : आपल्या महाराष्ट्रात आलेले पहिले अमेरिकन मिशनरीही तरुणच होते. नाताळला त्यांनाही घरची अशीच आठवण येत असेल ना? त्यांच्यातल्या एकाचा अंत आमच्या नाशिकहून परतताना झाला, असे ऐकले आहे.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : घरची आठवण येत असेलच, पण नाताळची येण्याचे कारण नव्हते, कारण ते नाताळ पाळतच नसत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रचारक गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. हॉल तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. ते न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, काँग्रिगेशनल परंपरेतले; प्युरिटन या कर्मठ प्रॉटेस्टंट पंथीयांचे वारसदार. बायबलमध्ये नाताळ साजरा करण्याची आज्ञा नाही, तेव्हा तो माणसांनी घातलेला घोळ आहे, असे त्या परंपरेचे म्हणणे होते. त्याच भागातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तर नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता आणि तेथे त्या दिवशी कायदेशीर सुट्टी मिळाली ती १८५६ साली. आज आपण मिशनरी म्हटले की नाताळचे झाड आणि तारा डोळ्यांपुढे आणतो. हॉल यांना ते दृश्य खटकले असते. त्यांचा घरगुती सण म्हणजे सुगीनंतरचा आभारदिन.

आपण ऐकले ते खरे आहे. मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिकला आले तेव्हा तेथे पटकीची साथ होती. रुग्णांना औषध देऊन परत निघाले असता वाटेत २० मार्च रोजी पटकीनेच त्यांचा मृत्यू झाला. नॉट प्रकृतीमुळे १८१५ सालीच परत गेले होते. हॉल यांनी मायदेश पुन्हा पाहिला नाही. त्याच मिशनच्या सिंथिया फरार यांचाही अंत इकडेच झाला. त्या १८२७ साली अविवाहित शिक्षिका म्हणून आल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) वारल्या. जोतीराव फुल्यांनी पाहिलेली मुलींची शाळा ती त्यांचीच. त्या पिढीपुढे परतीची तारीख ठरलेली नसे, त्यामुळे दोन वर्षांसाठी गेलेल्या मुलाच्या हुरहुरीशी तिची तुलना फार ताणता येणार नाही.

प्रश्न : आम्ही टोकियोच्या निशिकासाई भागात राहतो. सायकलवरून फिरणारी, पांढऱ्या शर्टावर काळी नावपट्टी लावलेली दोन अमेरिकन मुले अधूनमधून भेटतात. आम्ही हिंदू आहोत. २५ डिसेंबरला त्यांना जेवायला बोलावले तर योग्य दिसेल का? काही पथ्ये असतात का?
(एक मराठी कुटुंब, टोकियो)

उत्तर : अवश्य बोलवावे. आठवडाभर आधी सांगावे, कारण त्यांचा दिवस आखलेला असतो. दोघांना मिळूनच बोलवावे. एकटा कोणी येणार नाही. घरात फक्त बायका असतील तर मुलगे आत येणार नाहीत, तेव्हा त्या वेळी घरातला कोणी प्रौढ पुरुष हजर असेल असे पाहावे. संध्याकाळचे जेवण लवकर ठेवावे, कारण रात्री वेळेवर घरी परतण्याचा त्यांना नियम आहे. मांसाहार त्यांना चालतो आणि शाकाहारी पानही ती आवडीने जेवतील, फक्त तिखट बेताचे असावे. चहा-कॉफी नको, मसाला दूध चालेल.

धर्माविषयी बोलणे निघेल, ते त्यांचे कामच आहे. आपल्याला ते नको असेल तर बोलावतानाच स्पष्ट सांगावे की, सणाचे जेवण म्हणून बोलावतो आहोत, शिकवणीसाठी नाही. त्यात त्यांना अपमान वाटत नाही. नकार ऐकण्याची त्यांना रोजची सवय असते. त्यांच्या गावाविषयी, भावंडांविषयी विचारावे. वर्षभर कोणी ते विचारलेले नसते. शक्य असेल तर २५ तारखेऐवजी १ किंवा २ जानेवारीचे आमंत्रण द्यावे, असे मी सुचवीन. त्याचे कारण वर पुण्याच्या भगिनींच्या उत्तरात आले आहे आणि निशिकासाईतल्या आपल्या घराला तेव्हा सुट्टीही असेल. भेट द्यायची असल्यास जड वस्तू टाळावी. बदलीचा निरोप दर सहा आठवड्यांनी येऊ शकतो आणि सगळे सामान दोन बॅगांत मावावे लागते. डबाभर शंकरपाळे किंवा चिवडा दिला तर तो सायकलच्या पिशवीतही राहतो आणि आठवडाभर पुरतो.